घरांच्या किमती वाढल्या, म्हणजे नेमक्या कुणाच्या?

घरांच्या बाजाराला २०२४ हे वर्ष कसं गेलं? अ‍ॅनारॉक या सल्लागार कंपनीच्या मते देशातल्या सात मोठ्या शहरांत मिळून सुमारे ४ लाख ६० हजार घरं विकली गेली, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ४ टक्के कमी. नाइट फ्रँक या दुसऱ्या कंपनीच्या मते आठ शहरांत साडेतीन लाख घरं विकली गेली, म्हणजे ७ टक्के जास्त आणि बारा वर्षांतला उच्चांक. आठ शहरं मोजणाऱ्याचा आकडा सात शहरं मोजणाऱ्यापेक्षा लाखभराने कमी, आणि एकाला जिथे घट दिसते तिथे दुसऱ्याला वाढ! दोन्ही बातम्या छापून आल्या. घर घेणाऱ्याने 'बाजार पडतोय, थांबू' म्हणून पहिली वाचली आणि विकणाऱ्याने 'बाजार तेजीत आहे, भाव सोडायचा नाही' म्हणून दुसरी.

यात कुणी खोटं बोलत नाही. शहराची हद्द कुठवर धरायची, विक्री झाली असं कधी म्हणायचं, याचे ज्याचे त्याचे हिशेब वेगळे असतात. पण एक गोष्ट दोघांत समान आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. हे आकडे बिल्डरने विकलेल्या नव्या घरांचे असतात. तुमच्या सोसायटीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिसेलमध्ये गेला, तर तो यात नाही. नाशिक, कोल्हापूर, नगर, लातूर यात नाही. 'देशाचा गृहबाजार' या मथळ्याखाली आपण जे वाचतो, तो सात-आठ महानगरांतल्या नव्या इमारतींचा बाजार असतो.

सरकारी आकडेही आहेत. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला घरांच्या किमतींचा निर्देशांक काढते. तो नोंदणी कार्यालयांत झालेल्या प्रत्यक्ष व्यवहारांवरून काढला जातो आणि आता त्यात १८ शहरं आहेत. राष्ट्रीय आवास बँकेचा 'रेसिडेक्स' ५० शहरांचा आहे. गंमत अशी की २०२४-२५ मध्ये खासगी अहवाल काही शहरांत दोन आकडी भाववाढ सांगत होते, तेव्हा रिझर्व्ह बँकेचा देशपातळीवरचा निर्देशांक वर्षाला ३ ते ४ टक्क्यांच्या आसपासच सरकत होता. एवढा फरक कसा पडतो?

सरासरीची करामत

एक छोटा हिशेब करू. समजा, एका उपनगरात गेल्या वर्षी दहा फ्लॅट विकले गेले. सहा फ्लॅट ४० लाखांचे, चार फ्लॅट १ कोटी २० लाखांचे. एकूण उलाढाल ७ कोटी २० लाख, सरासरी किंमत ७२ लाख.

यंदा तिथे स्वस्त घरांचा एकच प्रकल्प उरला. त्यामुळे ४० लाखांचे दोनच फ्लॅट विकले गेले आणि १ कोटी २० लाखांचे सहा. एकूण आठ फ्लॅट, उलाढाल ८ कोटी, सरासरी किंमत १ कोटी.

आता बातमी लिहा. 'घरविक्रीत २० टक्के घट' हे खरं. 'उलाढाल ११ टक्क्यांनी वाढली' हेही खरं. 'घरांच्या सरासरी किमतीत ३९ टक्क्यांची उसळी' हेसुद्धा खरं. आणि या सगळ्यात एकाही फ्लॅटचा भाव एका रुपयाने वाढलेला नाही! ४० लाखांचा अजून ४० लाखांनाच आहे. तो बांधला जाणं तेवढं कमी झालंय.

हे उदाहरण मी रचलेलं असलं तरी देशात घडतंय ते बरंचसं असंच आहे. अ‍ॅनारॉकच्याच आकड्यांनुसार २०२५ मध्ये सात शहरांतली विक्री सुमारे १४ टक्क्यांनी घटून ३ लाख ९६ हजारांवर आली, पण विकल्या गेलेल्या घरांची एकूण किंमत सुमारे ६ टक्क्यांनी वाढून ६ लाख कोटी रुपयांच्या घरात गेली. घरं कमी, पैसे जास्त. परवडणारी घरं, म्हणजे ४० लाखांच्या आतली, २०१९ मध्ये एकूण विक्रीच्या ३८ टक्क्यांच्या आसपास होती. पाच वर्षांत हा वाटा वीस टक्क्यांच्या आसपास आला. कोटीच्या वरच्या घरांचा वाटा मात्र वाढत वाढत निम्म्याजवळ पोचला.

म्हणून 'बाजार कसा आहे?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. दीड-दोन कोटींच्या घरात पैसा फिरतोय. चाळीस-पन्नास लाखांचं घर शोधणारा माणूस मात्र दर वर्षी एक स्टेशन पुढे सरकतोय. डोंबिवलीला बघत होता, तो बदलापूरला आला. बदलापूरवाला वांगणी-नेरळला गेला.

बिल्डर स्वस्त घरं का बांधत नाहीत? त्यांच्या बाजूने पाहिलं तर कारणं साधी आहेत. जमिनीचा भाव घर स्वस्त आहे की महाग ते पाहत नाही. एकाच जमिनीवर दीडशे लहान घरं बांधून विकण्याची कटकट करण्यापेक्षा साठ मोठी घरं विकण्यात नफा जास्त आणि डोकेदुखी कमी. त्यात सवलतीही आटल्या. परवडणारी घरं बांधणाऱ्यांना मिळणारी आयकर सवलत मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या प्रकल्पांपुरतीच होती. घेणाऱ्यांसाठीची जुनी व्याज-अनुदान योजनाही तेव्हाच संपली. परवडणाऱ्या घरावर जीएसटी ५ ऐवजी १ टक्का लागतो, पण त्यासाठी घराची किंमत ४५ लाखांच्या आत हवी आणि महानगरात कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतलं वापरता येणारं क्षेत्रफळ, ६० चौरस मीटरच्या आत. ही ४५ लाखांची रेषा एप्रिल २०१९ मध्ये आखली गेली आणि तिथेच राहिली. मुंबईत ४५ लाखांत काय मिळतं ते सांगायला नको.

सप्टेंबर २०२४ पासून प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग नव्या रूपात आला. त्यात ९ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी, २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात मदत मिळते. ती जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. छोट्या शहरात ही मदत कामाची आहे. महानगरात ३५ लाखांचं घर सापडलं तर, असं म्हणावं लागतं.

कुलूपबंद घरं

२०११ च्या जनगणनेत शहरी भारतात १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी आढळली. त्याच सुमारास, २०१२ मध्ये, सरकारच्या तज्ज्ञ गटाने शहरांत १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई असल्याचा अंदाज दिला, आणि ती जवळजवळ सगळी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची. रिकामी घरं आणि नीट घर नसलेली माणसं एकाच शहरात.

घराला कुलूप लावून ठेवणं परवडतं कसं? कारण भाड्यातून मिळतं ते फार थोडं. एक कोटीच्या फ्लॅटला महिना २५-२८ हजार भाडं आलं, तर वर्षाचे तीन-साडेतीन लाख, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्याही आत. त्यातून मेंटेनन्स आणि मालमत्ता कर गेला की बँकेतली मुदत ठेव बरी वाटायला लागते. भाडेकरू नीट वागेल का, ही धाकधूक वेगळीच. मग मालक म्हणतो, राहू दे बंद, भाव तर वाढतोय.

घेणाऱ्याने याच आकड्याकडे उलट बाजूने पाहावं. त्याच एक कोटीच्या फ्लॅटसाठी ७५ लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेसात टक्क्यांनी काढलं, तर हप्ता ६० हजारांच्या थोडा वर येतो. तेच घर भाड्याने २८ हजारांत मिळतंय. 'भाडं म्हणजे पैसे पाण्यात' हे आपल्याकडे घरोघरी ऐकवलं जातं, पण सुरुवातीच्या वर्षांत त्या हप्त्यातलं सुमारे ४६-४७ हजारांचं व्याजही परत येत नसतं. घर घेऊच नये असं मी म्हणत नाही. स्वतःच्या घरात राहण्याचं समाधान असतं आणि ते किमतीत मोजायची गरज नाही. पण दोन वर्षांत बदली होणार असेल, किंवा मुलांच्या शाळेचं नक्की नसेल, तर हा हिशेब घरातल्या मोठ्यांसमोर ठेवायला हरकत नाही.

व्याजदर: हप्त्याच्या पोटात काय असतं

मे २०२० ते मे २०२२ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला आणि दोन वर्षं तिथेच बसला. फेब्रुवारी २०२५ पासून कपात सुरू झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो ५.२५ टक्क्यांवर आला. बँका रेपो दराने पैसे घेतात आणि त्यावर आपलं मार्जिन लावून गृहकर्ज देतात, असं ढोबळमानाने समजा.

वीस वर्षांसाठी ५० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतलं, तर मासिक हप्ता ४३,३९१ रुपये. यातला पहिला हप्ता फोडून बघा. ३५,४१७ रुपये व्याज आणि फक्त ७,९७४ रुपये मुद्दल. पूर्ण वीस वर्षांत बँकेला १ कोटी ४ लाख जातात. दर साडेसातवर आला तर हप्ता ४०,२८० होतो, म्हणजे महिन्याला तीन हजारांचा फरक आणि वीस वर्षांत साडेसात लाखांचा.

दर वाढतो तेव्हा मात्र लोकांच्या लक्षात येत नाही, कारण बँक बहुधा हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवते. २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांनी ५० लाख घेतलेल्या माणसाचा हप्ता ३८,०१८ रुपये होता. समजा, त्याचा दर सुरुवातीलाच ९ टक्के झाला आणि हप्ता बदलला नाही. आता महिन्याचं व्याजच ३७,५०० होतं. मुद्दलात जातात ५१८ रुपये. वीस वर्षांचं कर्ज फिटायला जवळजवळ ४८ वर्षं लागतील! प्रत्यक्षात दर टप्प्याटप्प्याने वाढला आणि बँकांनी पुढे हप्तेही वाढवले, पण निवृत्तीनंतरही कर्ज चालूच राहील असं दिसल्यावर अनेकांची झोप उडाली. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडू द्या.

आता दर उतरलेत, तर उलटं बघायला हवं. तुमचं कर्ज कुठल्या दराशी जोडलंय? १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून घेतलेली बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली असतात आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावाच लागतो. त्याआधीचं कर्ज एमसीएलआर किंवा बेस रेट या बँकेच्या स्वतःच्या जुन्या दरांवर अडकलेलं असू शकतं. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. त्यांचा स्वतःचा दर त्या हवा तेव्हा हलवतात. अशा वेळी शाखेत जाऊन 'मला नव्या दरावर घ्या' असा अर्ज द्यायचा. थोडं शुल्क लागतं. बँक ऐकत नसेल तर कर्ज दुसरीकडे हलवायचं. बदलत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं म्हणून बँकेला दंड घेता येत नाही, हा नियम २०१२ पासून आहे. नुसता 'आम्ही दुसऱ्या बँकेत जातोय' एवढा शब्द टाकला तरी बऱ्याचदा दर खाली येतो, हे वेगळं.

करबचतीचं जुनं गणितही तपासून पाहा. स्वतः राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या करपद्धतीत मिळते, नव्या करपद्धतीत नाही. नवी पद्धत आता आपोआप लागू होते आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तिच्यात कर नाही. 'टॅक्स वाचवायला घर घ्या' हा एजंटचा मुद्दा त्यामुळे पुष्कळांच्या बाबतीत निकामी झालाय.

८० लाखांचं घर ८० लाखांत मिळत नाही

पुणे महापालिका हद्दीतला, बांधकाम चालू असलेला फ्लॅट घ्या. करारातली किंमत ८० लाख. मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ४ लाख. झाले ८९ लाख ९० हजार.

बँक यातलं किती देईल? ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या कर्जासाठी घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे कर्ज ६४ लाख. उरलेले १६ लाख आणि वरचे ९ लाख ९० हजार, असे सुमारे २६ लाख रोख हातात हवेत. त्यात बिल्डरच्या कॉस्ट शीटवरच्या 'क्लब हाउस', 'दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स', 'लीगल चार्जेस' या ओळी अजून धरलेल्या नाहीत. मग इंटिरिअर, आणि नव्या घरात पंखे-गिझरसुद्धा आपलेच. '२० टक्के भरा आणि घराचे मालक व्हा' अशा फलकामागचा खरा आकडा हा असा ३० टक्क्यांच्या वर जातो.

इथे दोन ठिकाणी पैसे वाचतात. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी लागत नाही, आणि घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. वरच्या उदाहरणात ते ८० हजार झाले.

मुद्रांक शुल्काने बाजार किती हलतो, हे आपण कोविडमध्ये पाहिलं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० राज्य सरकारने ते ३ टक्क्यांनी कमी केलं आणि पुढचे तीन महिने २ टक्क्यांनी. डिसेंबर २०२० या एका महिन्यात मुंबईत साडेएकोणीस हजारांवर दस्त नोंदले गेले. टाळेबंदीतून नुकतंच बाहेर येणाऱ्या शहरात!

भाव उतरत नाहीत, पण घासाघीस होते

बाजार मंदावला की लोक भाव पडायची वाट बघतात. आपल्याकडे तसं क्वचितच घडतं. २०१४ ते २०२० या काळात बहुतेक शहरांत घरं विकली जात नव्हती, तरी दरपत्रकावरचे आकडे जागेवर होते. पगार आणि महागाई वाढत राहिली आणि घर त्या मानाने स्वस्त झालं, एवढंच.

याचं कारण बिल्डरच्या पोटात शिरून बघावं लागतं. विसाव्या माणसाला त्याने आठ हजार रुपये फुटाने विकलंय. एकविसाव्याला सात हजारांनी दिलं, तर ती किंमत नोंदणीत उघड होते. आधीचे वीस जण ऑफिसात येऊन बसतात. बँकेने त्या प्रकल्पाला जे कर्ज दिलंय, तेही आठ हजारांच्या हिशेबाने. म्हणून दर खाली येत नाही. सूट दुसऱ्या वाटेने येते. 'फ्लोअर राइज' (वरच्या मजल्याचे जादा पैसे) माफ होतो, मुद्रांक शुल्क बिल्डर भरतो, मॉड्युलर किचन मिळतं, पार्किंगचे पैसे सोडले जातात. तेव्हा दर पडायची वाट बघत बसण्यापेक्षा शेवटची एकूण रक्कम किती, यावर बोलावं. मार्चअखेर आणि तिमाही संपताना विक्री विभागाला आपलं टार्गेट पूर्ण करायचं असतं, त्या आठवड्यात हे बोलणं जास्त सोपं जातं.

पण आपल्या भागातला खरा भाव कळणार कसा? पोर्टलवरचा आकडा मालकाने मागितलेला असतो. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर मुद्रांक शुल्कापुरता (राज्यात तो एप्रिल २०२५ पासून सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढला). खरा भाव असतो 'इंडेक्स टू'मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च नावाची सोय आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक टाकला की त्या मिळकतीवरचे नोंदलेले व्यवहार दिसतात. तुमच्या शेजारच्या विंगमधला फ्लॅट गेल्या सहा महिन्यांत कितीला गेला, हे घरबसल्या वाचता येतं. संकेतस्थळ कधी कधी रुसतं, तेव्हा रात्री उशिरा बघा. वर सांगितलेल्या सगळ्या देशव्यापी अहवालांपेक्षा हे एक पान घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या जास्त उपयोगाचं आहे.

बांधकाम चालू असलेलं घर घेताना

दिल्लीजवळ नोएडा-ग्रेटर नोएडात हजारो कुटुंबं वर्षानुवर्षं हप्ताही भरत होती आणि भाडंही. आम्रपाली या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला २३ जुलै २०१९ रोजी कंपनीची रेरा नोंदणी (घरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या कायद्याखालची नोंदणी) रद्द करून उरलेलं बांधकाम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे द्यावं लागलं. खरेदीदारांचा पैसा दुसरीकडे वळवला गेला होता.

तो वळवता येऊ नये म्हणूनच २०१६ चा रेरा कायदा सांगतो की घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. विक्री कार्पेट एरियावर. ताबा लांबला तर दर महिन्याला व्याज, किंवा व्याजासह पैसे परत. पाच वर्षांत बांधकामात मोठा दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरच्या खर्चाने.

महारेरा, म्हणजे महाराष्ट्रातलं रेरा प्राधिकरण, १ मे २०१७ पासून सुरू आहे, आणि त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडणं हे पहिलं काम. तिथे एक गोष्ट खास बघा: प्रकल्प पूर्ण करायची मूळ तारीख कोणती होती आणि आत्ताची कोणती. मुदत दोनदा वाढवून घेतलेली असेल तर विक्री अधिकाऱ्याचं 'दिवाळीत ताबा' किती मनावर घ्यायचं ते कळतं. कुठल्या मजल्यापर्यंतची मंजुरी आहे, तेही पाहा. अठरा मजल्यांचं चित्र आणि अकराची परवानगी, असे प्रकार असतात.

कायदा चांगला आहे, पण हातात आदेश पडणं आणि पैसे पडणं यात अंतर आहे. भरपाईचा आदेश बिल्डरने पाळला नाही, तर वसुलीचं काम जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातं आणि तिथे ते रेंगाळतं. म्हणून दोन घरांत मन अडकलं असेल, तर मी चार लाख जास्त देऊन भोगवटा प्रमाणपत्र हातात असलेलं घेईन. जीएसटी वाचतोच, त्यामुळे ते चार लाख बऱ्याचदा जास्तही नसतात.

विकणाऱ्याची बाजू

विकायला निघालेल्या माणसाची स्पर्धा शेजाऱ्याशी नसते, समोरच्या नव्या टॉवरशी असते. तिथे जिम आहे, बाग आहे, ताबा तीन वर्षांनी आहे. तुमच्याकडे आज राहायला येता येईल असं घर आहे आणि त्यावर जीएसटी नाही. जाहिरातीत हेच वर लिहावं. 'सी-फेसिंग, वास्तूनुसार, हवेशीर' सगळेच लिहितात.

रिसेलचे सौदे भावावर फिसकटतात त्यापेक्षा जास्त कागदांवर अडतात. मूळ करारनामा सापडत नाही, मधल्या एका खरेदीची नोंदणी झालेली नाही, वडील गेल्यावर वारसांची नावं चढलेली नाहीत, सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नाही. घेणाऱ्याची बँक सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, मागते आणि तिथे गाडी थांबते. साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) करायच्या आधीच वकिलाकडून आपला स्वतःचा सर्च रिपोर्ट काढून घेतला, तर महिना-दीड महिना वाचतो. तुमचं कर्ज बाकी असेल तरी घर विकता येतं; घेणाऱ्याची बँक आधी तुमच्या बँकेला परस्पर रक्कम देते. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यावी लागतात, नाहीतर बँकेला दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

मग भांडवली नफ्यावरचा कर. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने तो १२.५ टक्के केला, पण महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची सवलत काढली. ओरड झाल्यावर, त्या तारखेआधी घेतलेल्या मालमत्तांसाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तींना जुना पर्याय, म्हणजे महागाई धरून २० टक्के, खुला ठेवला. दोन्ही करून बघायचे आणि कमी असेल तो भरायचा. दोन उदाहरणं घ्या. २०१०-११ मध्ये ३० लाखांना घेतलेलं घर २०२५-२६ मध्ये ९० लाखांना विकलं. नव्या पद्धतीने ६० लाखांवर साडेसात लाख कर. जुन्या पद्धतीने खरेदी किंमत ६७ लाख ५४ हजार धरली जाते आणि कर साधारण ४ लाख ४९ हजार येतो. इथे जुनी पद्धत बरी. पण २००५-०६ मध्ये १० लाखांना घेतलेलं घर एक कोटीला गेलं, तर जुन्या पद्धतीने साडेतेरा लाखांच्या वर आणि नव्याने सव्वा अकरा. ज्याचा भाव महागाईच्या खूप पुढे पळाला, त्याला नवी पद्धत फायद्याची. (दोन्हीत सेस वर वेगळा लागतो.) नफा दोन वर्षांत दुसऱ्या घरात घातला, किंवा ५० लाखांपर्यंतची रक्कम सहा महिन्यांत ठरावीक सरकारी रोख्यांत पाच वर्षांसाठी ठेवली, तर कर वाचतो.

शेवटी टीडीएस. घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का कापून सरकारात भरायचा असतो. पण विकणारा परदेशात राहत असेल, म्हणजे आई-वडिलांचं पुण्यातलं घर अमेरिकेतल्या मुलाच्या नावावर असेल, तर हा १ टक्क्याचा नियम चालत नाही. तिथे १२.५ टक्के आणि वर अधिभार-सेस या दराने कापावं लागतं, आणि तेही बहुधा नफ्यावर नाही तर पूर्ण किमतीवर. घेणाऱ्याला हे माहीत नसतं, तो १ टक्का कापून मोकळा होतो आणि वर्षभराने नोटीस त्याच्याच घरी येते. आयकर खात्याकडून कमी दराने कपात करण्याचं प्रमाणपत्र आणता येतं, पण त्याला काही आठवडे लागतात. तेव्हा अर्ज साठेखताच्या आठवड्यातच टाका, आणि ते प्रमाणपत्र येण्याआधी खरेदीखताची तारीख ठरवू नका.